ड्रॅगन आणि सिंहाची दोस्ती

एक गोल कडं डोळ्यांसमोर आणा. तुमचं अंग त्यातून जेमतेम जाईल, एवढंच मोठं. ते जमिनीवर उभं ठेवलंय. त्याच्यावर दुसरं, त्याच्यावर तिसरं, त्याच्यावर चौथं. आता एक मुलगा लांबून धावत येतो, दोन्ही हात पुढे जोडतो आणि मासोळीसारखा सूर मारून सगळ्यांत वरच्या कड्यातून पलीकडे! कडं हललंसुद्धा नाही. तो कोलांटी घेऊन उभा राहतो न राहतो तोच समोरून एक मुलगी येते आणि खालच्या कड्यातून सुळकन निघून जाते. तिसरा तर पाठमोरा येतो. घडी घातलेल्या चादरीसारखा मधोमध दुमडतो आणि आधी बूड, मग हातपाय, असा कड्यातून पार होतो. (हसू नका! सरळ सूर मारण्यापेक्षा हे कितीतरी अवघड आहे. त्याला कडं दिसतच नाही ना!)

यातली खरी गंमत कड्यांची आहे. वरची कडी खालच्या कड्यांवर अगदी हलकी टेकवलेली असतात, घट्ट जखडलेली नसतात. धक्का लागला की ती निखळून पडतात. त्याचे दोन फायदे. एक, उडी चुकली तर कडं पडतं, माणूस त्यात अडकत नाही. दुसरा फायदा प्रेक्षकांचा. चूक लपवताच येत नाही! कडं पडलं की सगळ्या तंबूला कळतं. मग तो कलाकार काय करतो? कडं पुन्हा जागेवर लागेपर्यंत थांबतो, मागे जातो आणि परत धावत येतो. या दुसऱ्या खेपेला टाळ्या जास्त पडतात, बरं का.

हा खेळ चीनचा. किती जुना म्हणाल? भूकंपाची दिशा दाखवणारं यंत्र बनवणारा झांग हंग नावाचा एक चिनी विद्वान होता. त्याचा काळ इ. स. ७८ ते १३९. तो शास्त्रज्ञ होता तसाच कवीही होता. राजधानीतल्या करमणुकीचं त्याने एका दीर्घ काव्यात वर्णन केलंय. त्यात खांबावर चढणारे आहेत, दोरीवर चालणारे आहेत, आणि अरुंद कड्यातून झेप घेणारेही आहेत. त्याच्याही आधीचा एक पुरावा तर हातात धरून पाहण्यासारखा आहे. १९६९ साली चीनमधल्या जिनान शहराजवळ एका प्राचीन थडग्यात मातीचं एक तबक सापडलं. त्यावर छोट्या छोट्या मातीच्या बाहुल्या बसवलेल्या आहेत. वाजवणारे आहेत, नाचणारे आहेत, बघायला आलेली मंडळी आहेत आणि मधोमध कसरतपटू! दोघं चक्क हातांवर उभे आहेत. दोन हजार वर्षांहून जास्त काळ ते तसेच हातांवर उभे आहेत, बिचारे!

चिनी कसरतींचं सामान पाहिलंत तर ते घरातलंच वाटतं. बशा, वाडगे, रांजण, खुर्च्या, छत्र्या, बांबू, शिड्या. काठीच्या टोकावर बशी फिरवायची, डोक्यावर रांजण तोलायचा, खुर्चीवर खुर्ची रचून वर चढायचं. शेतकरी आणि कारागीर यांच्या घरात जे होतं, त्याचेच खेळ झाले.

युरोपातली सर्कस वेगळ्या वाटेने आली. १७६८ साली लंडनमध्ये फिलिप ॲस्टली नावाचा घोडदळातून निवृत्त झालेला शिपाईगडी धावत्या घोड्यावर उभं राहून कसरती दाखवू लागला. घोडा गोल फिरला की पाठीवर उभं राहणं सोपं जातं, हे त्याला ठाऊक होतं. बस वळणावरून जाताना आपण आतल्या बाजूला कलून तोल सांभाळतो ना, तसंच. म्हणून सर्कशीचं रिंगण गोल! त्याचा व्यास ४२ फूट ठरला, आणि आजही जगातल्या कित्येक सर्कशींत तो तेवढाच असतो. पुढे १८५९ साली पॅरिसमध्ये झ्यूल लिओतार या तरुणाने एका झोक्यावरून दुसऱ्या झोक्यावर उडी मारून दाखवली. आधी घरी सराव कुठे केला होता, माहीत आहे? वडिलांच्या व्यायामशाळेतल्या पोहण्याच्या तलावावर झोके टांगून! हात सुटला की थेट पाण्यात डुबुक.

म्हणजे एकीकडे घोडा, झोका, विदूषक आणि गोल रिंगण. दुसरीकडे बशा, कडी, बांबू आणि हातांवर उभं राहणं. ही दोन घराणी एकमेकांना भेटली कशी? थोडंफार येणं-जाणं पूर्वीपासून होतंच. पण नीट भेट व्हायला विसावं शतक निम्म्याहून जास्त उलटावं लागलं. आणि त्यातली एक फार मोलाची भेट मोठ्या शहरात नाही, तर ऑस्ट्रेलियातल्या एका नदीकाठच्या जोडगावात झाली. तीही लहान मुलांच्या सर्कशीत!

मरे नदीच्या एका काठावर ऑल्बरी, दुसऱ्या काठावर वोडोंगा. नदी ही दोन राज्यांची हद्द. त्या भागात फळमाशीने बागा नासू नयेत म्हणून हद्दीवर नाके असत. गाडी थांबवायची, फळं आहेत का विचारायचं, असली तर काढून घ्यायची. १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालक वर्ष होतं. त्या वर्षी इथल्या एका नाटकमंडळीने गावातल्या शाळकरी मुलांना गोळा करून सुट्टीत सर्कस बसवली. नाव काय ठेवावं? ‘फ्लाइंग फ्रूट फ्लाय सर्कस’, म्हणजे उडत्या फळमाश्यांची सर्कस! नाव गमतीचं, पण मुलं पक्की निघाली. सुट्टी संपली तरी सर्कस संपली नाही.

तरी एक अडचण होतीच. उत्साह भरपूर, पण पक्कं शिकवणारं कोण? त्याच सुमारास, १९७८ मध्ये, मेलबर्नला ‘सर्कस ऑझ’ नावाची तरुणांची सर्कस सुरू झाली होती. तिच्यात वाघ-सिंह, हत्ती काही नाही. माणसंच सगळं करणार, गाणार, वाजवणार, हसवणार. त्यांचीही तीच अडचण. जुन्या सर्कशीत विद्या बापाकडून मुलाकडे जायची. बाहेरच्याने शिकायचं तर कुठे?

उत्तर चीनमधून आलं. नानजिंग शहरातल्या कसरतपटूंच्या सरकारी संघातले शिक्षक १९८३ मध्ये ऑल्बरी-वोडोंगाला आले आणि तीन महिने राहिले. एका बाजूला फळमाश्या, म्हणजे ही शाळकरी मुलं, आणि त्यांच्याच शेजारी सर्कस ऑझचे मिशावाले मोठे कलाकार. वर्ग एकच! पुढे असं शिबीर पुन्हा एकदा झालं. ऑस्ट्रेलियातल्या आजच्या सर्कशीचा इतिहास सांगताना जाणकार ‘नानजिंगच्या आधी’ आणि ‘नानजिंगच्या नंतर’ असे दोन भाग पाडतात, ते उगाच नाही.

आता विचार करा. शिक्षकांना इंग्रजी येत नाही, मुलांना चिनी येत नाही. गणित शिकवायचं असतं तर पंचाईतच होती. पण कसरत दाखवून शिकवता येते. गुडघा वाकला तर गुडघ्यावर टिचकी, पाठ पोकळ झाली तर पाठीवर हात. शब्द लागतात ते थोडेच.

आणि सुरुवात कशाने? कड्यातल्या उड्यांनी? छे! हातांवर उभं राहण्याने. चिनी कसरतीचे चार पाये मानले जातात: कंबर, पाय, हातांवर उभं राहणं आणि कोलांट्या. कंबर लवचिक हवी, पाय ताणता यायला हवेत आणि हातांवर उभं राहता यायलाच हवं. त्याशिवाय बाकी सगळं फोल. भिंतीला टेकून एक मिनिट, मग दोन, मग आणखी. रोज. नव्या विद्यार्थ्याला हा भाग भयंकर कंटाळवाणा वाटतो. त्याला आल्या दिवशीच हवेत उडायचं असतं! आपल्याकडे गाणं शिकायला गेलेल्या मुलाला गुरुजी दिवसेंदिवस नुसता ‘सा’ लावायला सांगतात, तसंच हे.

हातांवर उभ्या राहिलेल्या माणसाचा तोल कशाने राहतो? एक प्रयोग करा. अनवाणी एका पायावर उभे राहा आणि घोट्याकडे लक्ष द्या. तो सारखा इकडून तिकडे थरथरतो, बोटं जमीन दाबतात. म्हणजे आपण ‘स्थिर’ उभे नसतोच. क्षणाक्षणाला पडत असतो आणि सावरत असतो! आता डोळे मिटा. किती टिकलात? हातांवर उभं राहिल्यावर घोट्याचं हे काम मनगटाला आणि हाताच्या बोटांना करावं लागतं. अंग पुढे झुकलं की बोटांची टोकं जमिनीत रुतवायची, मागे गेलं की तळहाताच्या मनगटाकडच्या भागावर भार घ्यायचा. पण पाऊल लांब असतं आणि घोटा दणकट. हात त्यामानाने लहान आणि मनगट नाजूक. म्हणून मनगट तयार व्हायला वर्षं लागतात. (प्रयोग एका पायाचा करायचा आहे, हातांचा नाही. हातांवर उभं राहायचं ते शिकवणारं माणूस शेजारी असेल तेव्हाच. आणि कड्यातली उडी घरच्या घरी मुळीच नाही! आईच्या पिठाच्या चाळणीला काय आकार येईल, ते मी सांगायला नको.)

नानजिंगच्या शिक्षकांनी खांबाचाही खेळ शिकवला. आपल्या मराठी मुलांना हा खेळ पाहून लगेच वाटेल, अरे, हा तर मल्लखांब! नातं दिसतं खरं, पण फरक बघा. आपला मल्लखांब लाकडी, खाली जाड, वर निमुळता, त्याला एरंडेल तेल चोळलेलं. खेळाडू लंगोटावर असतो, कारण पकड असते ती कातडीची. चिनी खांब धातूचा, उंच, सारख्या जाडीचा आणि त्यावर रबराचं आवरण. रबर कातडी सोलून काढतं, म्हणून कलाकार अंगभर जाड कपडे घालतात. मल्लखांबावर खेळाडू खांबाला वेढे घालतो, चिनी खांबावर एका खांबावरून शेजारच्या खांबावर झेप घेतो. वरून डोकं खाली करून सुटतो आणि जमीन हातभर उरली असता नुसत्या मांड्यांच्या पकडीने थांबतो. बघणाऱ्याचा जीव घशात येतो!

मग ऑस्ट्रेलियाच्या मुलांनी फक्त घेतलंच का? नाही. त्यांनी त्यात आपलं काही घातलं. चिनी कार्यक्रमात शिस्त आणि नेटकेपणा. सगळ्यांचा वेश एक, पाऊल एक. या मंडळींनी त्याच उड्यांमध्ये गोष्ट घातली, थट्टा घातली. कुणी कड्याला घाबरण्याचं सोंग करतो, कुणी चुकून दुसऱ्याच्या अंगावर जातो आणि तेवढ्यात अचूक उडी मारतो. चुकण्याचं नाटक करायला न चुकण्यापेक्षा जास्त कसब लागतं, हे विदूषकांना विचारा. आणखी एक गोष्ट मला स्वतःला फार आवडते. माणसांचे मनोरे रचताना खाली दणकट पुरुष आणि वर नाजूक मुलगी, ही युरोपातल्या सर्कशीची जुनी रीत. सर्कस ऑझने ती उलटी केली. मुली खाली, खांद्यावर पुरुष! मुलींना भार पेलवत नाही हे कुणी ठरवलं होतं, असा त्यांचा सवाल होता.

नानजिंगच्या त्या संघाचे प्रमुख लू यी पुढे १९९० मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला गेले आणि तिथल्या सर्कस शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं. पहिला धडा? बरोबर ओळखलंत. हातांवर उभं राहा!

दोन घराण्यांच्या मिलाफाचा सर्वांत भपकेबाज प्रयोग मात्र कॅनडातला. तिथली ‘सर्क द्यु सोलेय’ म्हणजे ‘सूर्याची सर्कस’ १९८४ साली रस्त्यावर खेळ करणाऱ्या काही तरुणांनी सुरू केली आणि पाहता पाहता ती जगभर गाजली. तिच्यातही जनावरांचे खेळ नाहीत. एप्रिल १९९९ मध्ये माँट्रियल शहरात त्यांनी नवा खेळ आणला, ‘ड्रॅलियन’. ड्रॅगन आणि लायन या दोन शब्दांची संधी! ड्रॅगन पूर्वेचा, सिंह पश्चिमेचा. दिग्दर्शक गी कारों हे माँट्रियलच्या सर्कस शाळेच्या संस्थापकांपैकी एक. कलाकारांत निम्म्याहून जास्त चिनी.

या खेळात वारा, पाणी, अग्नी आणि पृथ्वी अशी चार पात्रं होती, प्रत्येकाचा रंग वेगळा. एक लहानशी चिनी मुलगी काठीच्या टोकावर एका हातावर उभी राहायची आणि उलट्या अंगाने कमानी, फुलं, पक्षी यांचे आकार करायची. तंबूत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. मुली पायांच्या अंगठ्यांवर, युरोपी बॅले नाचतात तशा, उभ्या राहायच्या. कशावर? विजेच्या दिव्यांवर! आणि तशाच एकमेकींच्या खांद्यावर चढायच्या. बॅले युरोपचा, मनोरा चीनचा. कड्यांतल्या उड्याही होत्या, पण झगमगत्या वेशात आणि दणदणीत संगीतावर. हा खेळ जगभर फिरला आणि जानेवारी २०१५ मध्ये थांबला.

काहींनी त्यावर टीकाही केली की हा मिलाफ वेश आणि संगीतापुरताच आहे, चिनी मुलं आपलेच जुने खेळ करताहेत आणि सजावट तेवढी नवी आहे. मला त्यात थोडं तथ्य वाटतं. ड्रॅलियन डोळे दिपवणारा होता, यात शंका नाही. पण ऑल्बरी-वोडोंगात एकाचं दुसऱ्याने शिकून घेतलं, घाम गाळून अंगी मुरवलं. तिथे मुलांनी ड्रॅगनकडून धडे घेतले आणि मग आपल्या सिंहासारखी गर्जना केली, असं म्हणा हवं तर!

आता आईबाबांसाठी दोन शब्द. मुलांनीही वाचले तर हरकत नाही. काठीच्या टोकावरची ती मुलगी एवढ्या लहान वयात तिथवर कशी पोचली? चीनमध्ये मुलं सहा-सात वर्षांची असतानाच कसरतीच्या निवासी शाळेत दाखल होत आली आहेत. घरापासून दूर, पहाटेपासून सराव, अभ्यासाला उरेल तेवढा वेळ. काहींना त्यातून नाव मिळतं, गरीब घराला आधार मिळतो. पण खेळायचं वय सरावात जातं, आणि मनगट किंवा पाठ दुखावली तर पुढे काय, हा प्रश्न उरतोच. टाळ्या वाजवताना आपण तो विसरतो. आपल्या देशातही सर्कशीत लहान मुलं काम करत असत. काहींना तर फसवून, दूरच्या खेड्यांतून आणलेलं असे. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामावर ठेवण्यास बंदी घालण्याचा आदेश दिला. तंबूवाल्यांनी कुरकुर केली, की लहानपणी अंग वळलं नाही तर पुढे वळत नाही. हे अगदी खोटं नाही. लहानपणी शिकलेलं अंगात मुरतं, हे खरंच आहे. पण शिकणं वेगळं आणि रोजीसाठी राबणं वेगळं.

म्हणूनच त्या फळमाश्यांची सर्कस मला महत्त्वाची वाटते. तिथली मुलं इतर मुलांसारखीच भूगोल-गणिताचा अभ्यास करतात आणि त्याच्या जोडीला कसरत शिकतात. घरची मुलं संध्याकाळी घरी जातात. खांबाचे, कड्यांचे धडे तेच, नानजिंगहून आलेले. चिनी शिक्षकांइतकी सफाई प्रत्येकाला येईलच असं नाही. मोठेपणी काही जण सर्कशीत जातात, तर बाकीचे इतर कामधंद्यांना लागतात, आणि ते चालतं.

तुमच्यापैकी कुणाचे हात हे वाचून शिवशिवत असतील, तर चीन किंवा ऑस्ट्रेलिया गाठायची गरज नाही. जवळच्या व्यायामशाळेत मल्लखांब आहे का, तेवढं विचारा. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली तेव्हा परदेशांतली मुलंमुली आपल्या लाकडी खांबावर चढायला आली होती. एरंडेलाच्या वासाला त्यांनी नाकं मुरडली की नाही, ते कळलं नाही!